कोपऱ्यातला हात

१२ जानेवारी, रविवार

ऑनलाइन समूहाचा अभ्यास करणाऱ्याने रोज टिपण ठेवावं, असं भार्गवी मॅडमचं म्हणणं. मॅडम माझ्या मार्गदर्शक. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. ते टिपण मी ठेवतो, त्यांना दाखवतोही. त्यात जे लिहिता येत नाही त्यासाठी ही डायरी.

विषय आधी स्वतःशीच नीट मांडतो. मिक्सर बनवणारी एक कंपनी फेसबुकवर आपल्या गिऱ्हाइकांचा मराठी ग्रुप चालवते. प्रबंधात तिला 'कंपनी क' म्हटलं आहे. पुण्या-सांगलीपासून इंदूर-देवासपर्यंतच्या बायका त्यात आहेत. आत यायचं तर एक-दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात आणि घरातल्या मिक्सरचा फोटो पाठवावा लागतो. बायका काहीतरी विचारतात. कधी कंपनी उत्तर देते, कधी दुसऱ्या बायका देतात. लोक कोणावर विश्वास ठेवतात आणि का, हे मला शोधायचं आहे. मी इथे उज्जैनच्या कॉलेजात वाणिज्य शिकवतो. पीएच.डी. नसेल तर पुढची श्रेणी नाही, म्हणून पन्नाशीनंतर हा खटाटोप.

उषा त्या ग्रुपात होती. तिच्यामुळेच हा विषय सुचला. सर्वांत जास्त उत्तरं तिची, आणि बायकांचा सर्वांत जास्त विश्वासही तिच्यावर. प्रबंधात ती 'स-४' आहे.

उषा श्रावणात गेली. ग्रुपात हे कोणाला माहीत नाही. तिच्या फोनवरून मी उत्तरं देतो.

लिहिलं एकदाचं.

१९ जानेवारी, रविवार

सुरुवात कशी झाली ते लिहायला हवं. तेरावं झाल्यावर अभ्यासाचे आकडे उतरवून घेण्यासाठी मी तिचा फोन उघडला. सांगलीच्या अहल्याताईंनी विचारलं होतं, जार घट्ट बसलाय, सुटत नाही, काय करू? खाली कंपनीचं उत्तर होतं: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' बाकी कोणी काही लिहिलं नव्हतं. उपाय मला माहीत होता, उषाला करताना पाहिलं होतं. मी टाइप केलं, बुडाशी गरम पाण्याचं फडकं धरा, टेन्शन नका घेऊ. 'टेन्शन नका घेऊ' हे तिचं नेहमीचं.

लगेच अहल्याताईंचं आलं, "उषाताई, कुठे होतात इतके दिवस? जीव नुसता टांगणीला लागला होता!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी लिहिलं, "जरा बरं नव्हतं." हे काही अगदीच खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली.

देवासच्या शोभाताई (स-११) मात्र फोन करायच्या. मी उचलत नसे. 'घसा बसलाय, लिहूनच बोलू,' असं कळवलं. अजूनही तेच कळवतो. कोणाचा घसा इतके महिने बसतो?

उषा असताना एकदा म्हणाली होती, "तुम्ही आमच्यावर लिहिताय ते या बायकांना सांगितलंत का?" मी म्हटलं, सांगीन. तेही राहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज शोभाताईंनी उषाला खाजगीत लिहिलं. इथे लिहू का नको, कळत नाही. छातीत गाठ लागली आहे, इंदूरला सुई घालून तपासायची आहे, घरात कोणाला सांगितलेलं नाही. पुढे लिहिलं, "तुम्हीपण तर गेला होतात ना तेव्हा सुमनताईंबरोबर. खरं सांगा, किती दुखतं?"



सुमनवहिनी आमच्या शेजारच्या. दोन-तीन वर्षांपूर्वी दोघी साड्या घ्यायला म्हणून इंदूरला गेल्या होत्या. मी पेपर तपासत होतो. उषा संध्याकाळी आली, पडून राहिली. दमली असेल म्हटलं. साडी तिने दाखवली नाही, आणि दाखवली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शोभाताईंना उत्तर तर द्यायला हवं. त्या वाट बघत होत्या, तिथे दिसत होतं. मी लिहिलं, "थोडंसंच दुखतं. टेन्शन नका घेऊ. मी आहे ना."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शोभाताईंची गाठ साधी निघाली. त्यांनी लिहिलं, "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

त्यांचं सगळं बोलणं प्रकरण चारमध्ये घेतलं. मथळा 'आत्मप्रकटीकरण'. नाव नाही, फक्त स-११. नियमाप्रमाणे तेवढं पुरतं.

३ मार्च, सोमवार

विभागात गेलो होतो. भार्गवी मॅडमनी प्रकरण चार वाचलं. त्या घरच्या मराठी, पण वडील बँकेत असल्यामुळे सगळं शिक्षण इकडचं; बोलणं अर्धं हिंदी.

"सर, ये तो कमाल है. इतकं अंतरंगातलं मटेरियल तुम्हाला मिळालं कसं? लोक बरसों झगडतात यासाठी."

मी म्हटलं, "माझी मिसेस त्या ग्रुपात होती."

"अच्छा, हां." उषाच्या वेळी त्या घाटावर आल्या होत्या. "म्हणजे हे आधीचं आहे, त्या असतानाचं."

मी मान हलवली. होकारार्थी का नकारार्थी ते त्यांनी त्यांचं ठरवलं. संवादांवर तारखा होत्या, त्यांनी त्या पाहिल्या नाहीत. घरी आल्यावर मी पुढच्या प्रतीतून तारखा काढून टाकल्या. हे जाणूनबुजून केलं. वर्गात मुलांना मी लेखापरीक्षण शिकवतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

चैत्रातलं हळदीकुंकू. आमच्याकडे वर्ष झालेलं नाही, त्यामुळे गौर बसवली नाही. बसवणार तरी कोण? पण ग्रुपात सगळ्याजणी मागे लागल्या, उषाताईंची गौर कुठे, फोटो टाका की. दरवर्षी ती टाकायची.

तिच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचे फोटो होते. त्यातला एक निवडला. पाळण्यात गौर, पुढे कलिंगडाचं कमळ, आंब्याच्या डाळीचं पातेलं, पन्ह्याचे पेले. त्यात उषा दिसत नव्हती म्हणून तो बरा वाटला. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घरात थांबायचं नाही, ही आमच्या घरातली आईपासूनची रीत. गेल्या वर्षीही त्या संध्याकाळी मी माधव नगरातल्या वाचनालयात जाऊन बसलो होतो. त्यामुळे ही मांडणी मी फोटोतच पहिल्यांदा नीट पाहिली. कलिंगड इतकं बारीक कातरता येतं हे मला माहीत नव्हतं.

फोटोखाली भराभर प्रतिसाद आले. शोभाताईंनी लिहिलं, "कमळ अगदी गेल्या वर्षीसारखं. आणि कोपऱ्यात डाळ घेणारा हात ओळखीचा वाटतो हो!"

पाहिलं तर खरंच, कोपऱ्यात द्रोण पुढे केलेला एक हात आहे. हिरव्या बांगड्या, एक खड्याची अंगठी. कोणाचा कोण जाणे. मी उषाकडून हसरा चेहरा पाठवला. टिपणात 'विनोद, आपुलकी' असं लिहिलं.

२३ एप्रिल, बुधवार

शोभाताईंकडून चार-पाच दिवस काही आलं नाही. आजारी तर नाहीत ना, असं वाटून गेलं.

जिन्यात सुमनवहिनींनी थांबवलं. "भाऊजी, जेवणाचं काय करता? रोज तो टिफिनच ना?"

"हो. चाललंय ठीक."

"नाही, कोणीतरी विचारत होतं, म्हणून." कोण ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला असं विचारायला जमत नाही.

११ मे, रविवार

शोभाताईंचं लिहिणं पुन्हा सुरू झालं. पण सूर बदललाय. पूर्वी उषाला काहीतरी विचारायच्या, हल्ली सांगतातच जास्त. आजचा संवाद उतरवून ठेवतो.

"उषाताई, तुमचे हे हल्ली काय जेवतात?"

मी लिहिलं, "डबा येतो."

"अगंबाई! घरात बायको असून डबा? उठवा त्यांना, ओट्यापाशी उभं करा. कुकर लावता येतो का?"

"नाही."

"प्रोफेसर ना ते? मग एका दिवसात शिकतील. त्यांना सांगा, डाळ धुऊन अर्धा तास भिजू द्यायची. हळद शिजतानाच घालायची. मीठ मात्र शिजल्यावर."

इंदूरच्या मधुराताईंनी (स-१९) खाली जोडलं, "आणि त्यांना सांगा, शिट्टी झाली की झाकण ओढायचं नाही. आमच्या ह्यांनी ओढलं होतं, छतावर अजून वरण आहे!"

इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा हसू आलं.

२ जून, सोमवार

कुकर लावला. डाळ खाली लागली. 'यांनी डाळ लावली, लागली' असं उषाच्या नावाने लिहिलं. शोभाताईंचं उत्तर लगेच, "त्यांना सांगा, पहिली डाळ सगळ्यांचीच लागते. पाणी कमी पडलं असेल. उद्या परत."

उद्या परत.

९ जुलै, बुधवार

आकडे लावून पाहिले. चैत्रानंतर ग्रुपातल्या चर्चेचा दर्जा स्पष्टपणे घसरला आहे. पूर्वी स-४ भोवती अनारसे, पुरणाची जाळी, मोटारीचा आवाज असे अवघड विषय असत. आता वरण, भात, पोह्यांना पाणी किती मारायचं, असं अगदी प्राथमिक. तेही स-११, स-१९ अशा जुन्या, जाणकार सदस्यांकडून. न विचारता. अनुमान असं मांडलं: 'समूह जुना झाला की ज्ञानाची देवाणघेवाण कमी होऊन निरर्थक गप्पा वाढतात.'

भार्गवी मॅडम खूश झाल्या. "इसपर अलग पेपर बन जाएगा, सर." समितीपुढचं सादरीकरण सप्टेंबरअखेर ठरलं.

मला मात्र या निरर्थक गप्पांचा योगायोगाने उपयोग होतो. पोहे आता जमतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

वर्षश्राद्ध झालं. मुक्ता हैदराबादहून आली होती, आज परत गेली. स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"रात्री कधी फोन उघडला की आईच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. ऑनलाइन म्हणून."

मी म्हटलं, "तिचे फोटो उतरवून घेतोय."

"वर्षभर?"

मी तिची बॅग उचलून पुढे ठेवली.

"बंद करा म्हणत नाही मी. पण तो ठिपका दिसला की काळजात धस्स होतं. एकदा तर मी 'आई' असं लिहून पाठवणारसुद्धा होते. मग पुसलं." ती रुळांकडे बघत होती. "पाठवलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं, बाबा?"

गाडी आली म्हणून सुटलो. सुटलो असं वाटलं याचीच लाज वाटते.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला असतं, तिला अविधवा नवमी म्हणतात. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची आणि तिची ओटी भरायची. गुरुजी म्हणाले, सवाष्ण आत्ताच सांगून ठेवा, नंतर मिळत नाही. सुमनवहिनींना विचारलं, तर त्यांचं त्या दिवशी सासरी आगरला जायचं ठरलेलं. "वडे मी सकाळी तळून देऊन जाईन," म्हणाल्या. "सवाष्णेची काळजी करू नका, मिळेल."

कुठून मिळेल? कोणाच्या दारात जाऊन मी हे विचारणार?

१० सप्टेंबर, बुधवार

शोभाताईंनी उषाला लिहिलं, "नवमीला उज्जैनला येतोय. यांना रामघाटावर वडिलांचं करायचंय. मी तुमच्याकडे जेवायलाच येते. चालेल ना?"

नेमकी नवमीच! हा काय योगायोग म्हणायचा? नको लिहावं तर काय कारण देऊ? या लिहावं तर दार कोण उघडणार? दिवसभर कॉलेजात काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी लिहिलं, "या."

दारातच सगळं सांगून टाकायचं. त्या परत गेल्या तर गेल्या.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी

सकाळी भैरवगढला सिद्धवटावर तर्पण केलं. फार गर्दी. घरी येऊन स्वयंपाकाला लागलो. वरण, भात, गवारीची भाजी, कढी, खीर. वडे सुमनवहिनींचे. नैवेद्याचं म्हणून चाखून बघता येत नव्हतं. मीठ अंदाजानेच घातलं.

बेल वाजली. दारात ठेंगणीशी, चष्मा लावलेली बाई आणि मागे त्यांचे यजमान श्रीनाथराव, मोठ्या आवाजाचे. "भाईसाहब, रस्ता विचारायची सोय नाही तुमच्या गावात. ज्याला विचारावं तो म्हणतो महाकाल के पीछे! सगळं गाव महाकालच्या मागेच आहे का? चला, हिला सांभाळा, मी घाटावर पिताजींचं उरकून येतो."

ते गेले. मी सगळं पाठ केलं होतं. तोंडातून फक्त "उषा..." एवढंच आलं.

"माहीत आहे, भाऊजी," शोभाताई म्हणाल्या. "पान वाढा. उशीर झालाय, उषाताई उपाशी राहतील."

त्या आत आल्या, पाय धुतले, भिंतीवरच्या उषाच्या फोटोसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि पाटावर बसल्या. मी वाढलं. कढी ताटाबाहेर सांडली.

जेवता जेवता त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्या याच घरात होत्या. फोटोतला हात त्यांचा. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, बोटात तीच खड्याची अंगठी. "तुम्ही घरी नव्हतात, तुम्हाला कसं कळणार? मी म्हटलं, यंदा मी गेले नाही, मग माझा हात कसा गेला? तेव्हा सुमनताईंचा नंबर शोधून त्यांना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. मग मीही."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी फार राग आला. वाटलं, सगळ्यांसमोर लिहावं, कोण आहे रे तू? पण मग मधुरा म्हणाली, तो माणूस बहुतेक डबा खातो, बायकोच्या नावाने लिहितो, त्याला काय म्हणायचं? म्हटलं, आधी जेवायला तरी शिकवू." त्यांनी भात कालवला. "आणि खरं सांगू? मलाही त्या नावापुढे काही लिहायचं होतं. सवय झाली होती."

दर्जा घसरला, असं मी लिहिलं होतं. निरर्थक गप्पा, असं.

मी विचारलं, "तिला किती दुखलं होतं हो? त्या सुईने?"

त्यांनी घास खाली ठेवला. "पुष्कळ. परतीची गाडी देवासवरून जाते, तर उतरल्या होत्या माझ्याकडे. चहाची कपबशीसुद्धा धरवत नव्हती. मी म्हटलं, घरी सांगा की. तर म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आला की सांगीन, नाहीतर उगीच रात्रभर जागतील."

रिपोर्ट चांगलाच आला असणार, ती गेली ते काही त्याने नाही. मग का सांगितलं नसेल? बहुतेक सांगायला आली असेल आणि मी पेपर तपासत असेन.

खीर त्यांनी दोनदा मागून घेतली. "वरण जमलंय," म्हणाल्या.

अजून एक गोष्ट उरली होती. ती त्यांना माहीत नव्हती. जेवत्या पानावर ती सांगायची नाही, सवाष्ण अर्ध्या पानावरून उठली तर सगळंच वाया. त्या हात धुऊन आल्या. ओटी मला भरता येत नाही, म्हणून साडी, नारळ, तांदूळ असं तबक फोटोपुढे ठेवलं होतं. त्यांनी उषाला नमस्कार करून आपल्याच हाताने ते ओटीत घेतलं. मग मी सांगितलं. प्रबंध, ग्रुपाचा अभ्यास, आकडे, प्रकरण चार. उभ्यानेच सांगितलं.

शोभाताईंना समजायला वेळ लागला. "म्हणजे आमचं बोलणं तुम्ही पुस्तकात घातलं?"

"हो."

"सुईचं पण?"

"तुमचं नाव नाही घातलं. स-११ असं आहे."

"मी अकरावी होय," त्या म्हणाल्या. नारळ ओटीत घट्ट धरून त्या खुर्चीवर बसल्या. "यांना अजून माहीत नाही ते. मुलाला नाही. मी ते उषाताईंना सांगितलं होतं, भाऊजी. तुम्हाला नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी पदर सावरला, चष्मा पुसला. मी जिन्यापर्यंत गेलो. "येते" असं त्या म्हणाल्या नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. श्रीनाथराव खालून ओरडले, "क्या खिलाया भाईसाहब? ही तर बोलतच नाही!"

१७ सप्टेंबर, बुधवार

भार्गवी मॅडमना सगळं सांगितलं. काढून टाकलेल्या तारखांसकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ग्रुपाला अभ्यासाचं सांगितलं होतं ना, सुरुवातीला तरी?"

"उषाने मला फोन दाखवला होता."

"उषाजींनी अपना फोन दाखवला, सर. बाकीच्या बायकांनी थोडाच दाखवला." त्यांनी प्रकरण चार गठ्ठ्यातून काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे काढलं की उरतं काय? सादरीकरण पुढे ढकलायला लागेल. एक साल, कदाचित जास्त. समितीला कारण काय देऊ? तबीयत?"

"खरं तेच द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी कीव आली असेल किंवा राग. मला कळलं नाही आणि तो कळून घ्यायचा हक्कही मला वाटला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

उषाच्या नावाने शेवटचं लिहिलं. फार वेळा खोडून शेवटी एवढंच राहिलं: 'उषा गेल्या वर्षी श्रावणात वारली. त्यानंतरचं इथलं सगळं लिहिणं माझं. मी तुमच्या ग्रुपावर अभ्यासही करत होतो, तो तुम्हाला न सांगता. तुमचं बोलणं प्रबंधातून काढून टाकलं आहे. मी माफी मागतो. सुहास, उषाचा नवरा.'

सर्वांत आधी कंपनीचं उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

२२ सप्टेंबर, सोमवार

प्रतिसाद वाचले. काहींना माहीत होतं, त्यांनी हात जोडले. सांगलीच्या अहल्याताईंना माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं, "सुनेबद्दल मी काय काय लिहिलं तुम्हाला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बाई समजून बोलत होते." मग खाली, "आणि उषाताई गेल्याचं रडूसुद्धा मला आत्ता येतंय, वर्षाने."

 

शोभाताईंनी काहीच लिहिलेलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मुक्ताला फोनवर सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "बाबा, मी बंद करते आता. तुम्हाला जमणार नाही." तिने तिकडून खातं बंद करवून घेतलं. उषाच्या फोनवर आता फक्त चार्जिंगचा दिवा लागतो. तो मी लावून ठेवतो, का ते माहीत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

स्वतःच्या नावाने ग्रुपात यायचा अर्ज केला. अभ्यासासाठी नाही. हे इथे लिहितो, कारण मलाच खात्री करून घ्यायची आहे.

अर्जात प्रश्न आहे: 'आपल्या घरी स्वयंपाक कोण करतं?' या प्रश्नाच्या उत्तरांचा मी तक्ता केला होता, टक्केवारीसकट. उत्तर लिहायला मात्र वेळ लागला.

'मी.'

नव्यांना आत घ्यायचं काम सध्या कंपनीने शोभाताईंकडे दिलेलं आहे. ते मला अर्ज पाठवल्यावर दिसलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर काही नाही. मला घ्यावं असं मला तरी कुठे वाटतं?

दुपारी चटणी वाटत होतो, तेव्हा संदेश आला. ग्रुपाकडून, खाली शोभाताईंचं नाव. नमस्कार नाही, भाऊजी नाही.

"मिक्सरचा फोटो राहिलाय. आजचा काढा. जुना चालणार नाही."

मी झाकण काढलं. फोन डाव्या हातात धरून जारचा फोटो काढला. चटणी जरा जाडसरच झाली आहे, एका बाजूला चिकटली आहे. प्रकाशही चांगला नाही. आणि जार सरळ राहावा म्हणून धरलेला माझा उजवा हात कोपऱ्यात आला आहे, नखांना खोबरं लागलेला.

दुसरा काढणार होतो. मग तोच पाठवला.